समाजमंदिराची किल्ली मुलामुलींच्या हाती द्या : मराठवाड्यातल्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसेवक,
मराठवाड्यातील सर्व ग्रामपंचायती

विषय : गावातल्या युवक-युवती मंडळांना जागा, पैसा आणि मार्गदर्शक मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

विकास आराखड्याच्या ग्रामसभा आटोपल्या की तरुणांच्या नावावर काय मंजूर झालं, ते आम्ही आवर्जून बघतो. यंदा पाहिलेल्या आराखड्यांत पुन्हा त्याच तीन गोष्टी दिसल्या : ओपन जिम, क्रिकेटचं साहित्य आणि एका दिवसाचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. त्यातच काही गावांनी समाजमंदिर संध्याकाळच्या बैठकीला देणं बंद केलं. वीजबिल कोण भरणार, पोरं दंगा करतात, मुलं-मुली एका ठिकाणी बसतात, अशी कारणं सांगितली. हे गप्प बसून मान्य करण्यासारखं नाही. पत्र तुमच्या नावे आहे, पण ते गावातल्या आईबापांनी, शिक्षकांनी आणि तरुणांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

गावपातळीवर मंडळं उभी करणं, त्यांचे मार्गदर्शक तयार करणं, अंगणवाडीताई आणि आशाताईंच्या सोबतीने किशोरींचे गट चालवणं हे आमचं रोजचं काम. खोलीला कुलूप लागलं की सगळ्यात आधी कोण यायचं थांबतं, हे आम्हाला नावानिशी माहीत असतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली. मुलांना पार आहे, चौक आहे, मैदान आहे. मुलींना घर आणि शाळा सोडून बसायला गावात तिसरी जागाच नाही.

याचा परिणाम कुठे दिसतो, ते तुम्हाला माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त आहे. ग्रामसेवक हेच गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. मांडवात जाऊन लग्न थांबवणं हा शेवटचा उपाय झाला. त्याच्या दोन वर्षं आधी त्या मुलीने घरात ‘मला अजून शिकायचंय’ हे कसं म्हणायचं, कुणाला सोबत घेऊन म्हणायचं, बापाच्या डोक्यावरचं कर्ज आणि लग्नाचा खर्च यांचं गणित तिला मांडता येतं का, याची तयारी कुठे व्हायची? ती दर आठवड्याला भरणाऱ्या मंडळात होते, आणि त्याला याच मातीतला पुरावा आहे.

पैठण तालुक्यातल्या पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य अभ्यासक्रम चालवला. संध्याकाळी रोज एक तास, असे एकूण २२५ तास. शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. १९९७ ते २००१ या काळात कार्यक्रमाच्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय (निम्म्या मुलींचं लग्न ज्या वयाच्या आत होतं ते) १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष ऐकायला थोडं वाटतं. दहावी होणं आणि न होणं यांत अनेकदा तेवढंच अंतर असतं. त्यातला २२५ हा आकडा लक्षात ठेवा. एका दिवसाच्या शिबिरातून उद्घाटन, सत्कार आणि जेवण वजा केलं तर मुलांच्या वाट्याला चार तास उरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा मूलभूत जीवनकौशल्यं सांगितली. स्व-जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, प्रभावी संवाद, परस्परसंबंध, ताण हाताळणं आणि भावना हाताळणं. बी.एड.च्या वह्यांपासून शिबिराच्या फ्लेक्सपर्यंत ही यादी आता सगळीकडे असते. वक्ता प्रोजेक्टरवर दहा चित्रं दाखवतो, मुलं दहा शब्द लिहून घेतात आणि घरी जातात. यातलं एकही कौशल्य ऐकून येत नाही. ते पुन्हा पुन्हा वापरून अंगवळणी पडतं, आणि वापरायला खरा प्रश्न, खरे पैसे आणि खरी जबाबदारी लागते.

म्हणजे काय, ते एका उपक्रमातून तपशिलात सांगतो. जत्रेत लिंबू सरबताचं दुकान लावायचं हे काम पंधरा ते अठरा वयाच्या गटाला चांगलं जमतं. दोनशे मिलिलिटरचे १०० ग्लास म्हणजे साधारण २० लिटर पाणी, एका जारचे ३० रुपये. ग्लासला २० ग्रॅम धरली तर साखर दोन किलो, ९० रुपये. एका ग्लासला अर्धं लिंबू, म्हणजे ५० लिंबं, पाच रुपयांनी २५०. बर्फ १००, कागदी ग्लास १००, मीठ-जिरेपूड ३०. झाले ६०० रुपये. दहा रुपयांनी विकलं तर साठाव्या ग्लासाला मुद्दल निघतं, पुढचे चाळीस नफ्याचे.

हे झालं कागदावर. ऐन उन्हाळ्यात लिंबू दहा रुपयांवर जातं, खर्च ८५० होतो, आणि मुद्दल निघायला पंच्याऐंशी ग्लास विकावे लागतात. आता गटाने ठरवायचं : भाव पंधरा करायचा, लिंबू कमी पिळायचं, की आठवडाभर आधीच बाजारातून लिंबं आणून ठेवायची? पंधराला सुटे पैसे मिळत नाहीत. लिंबू कमी केलं तर चव जाते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाही. आधी आणून ठेवली तर कुणाच्या घरी, आणि सुकली तर नुकसान कुणाचं? अर्धा तास चांगलं भांडण होतं. त्या अर्ध्या तासात मार्गदर्शकाने तोंड उघडायचं नसतं, आणि नव्या मार्गदर्शकाला सगळ्यात अवघड हेच जातं. प्रत्येकाला एकदा बोलू द्यायचं, मग हात वर करून निर्णय घ्यायचा, आणि कुणी काय सुचवलं ते वहीत लिहायचं. जत्रा संपल्यावर हिशेब मांडताना तीच वही उघडायची आणि अंदाज कुठे हुकला ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. निर्णय, संवाद, राग आवरणं, दुसऱ्याची बाजू समजून घेणं हे सगळं त्या एका आठवड्यात होऊन जातं.

हे व्हायला सहाशे ते साडेआठशे रुपये रोख त्या मुलांच्या हातात असावे लागतात. ते बुडण्याची शक्यताही असावी लागते. ग्रामपंचायत इथेच हात आखडते, आणि आमची पहिली तक्रार तीच आहे.

तुम्ही पैसे देत नाही, वस्तू देता. कोटेशन मागवता, पुरवठादाराचं बिल काढता, कॅरम बोर्ड आणि बॅटी कार्यालयाच्या कपाटात ठेवता. कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई पाचला घरी. ओपन जिमला लाखांत पैसे जातात. दोन पावसाळ्यांत बेअरिंग गंजतात, ग्रीस घालायचं काम कुणाचं ते कधीच ठरलेलं नसतं, आणि संध्याकाळी तिथे व्यायामाला मुली जाऊ शकतील अशी जागा क्वचितच निवडली जाते. खेळाला आमचा विरोध मुळीच नाही. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीत मुलींबरोबर कबड्डीतूनच असं काम झालेलं आहे. पण तिथे खेळाला जोडून बोलणं होतं, आणि ते बोलणं करणारा माणूस तयार केलेला होता. नुसत्या चटईने किंवा बॅटने ते घडत नाही.

दुसरी तक्रार मंडळाच्या पदांबद्दल. राष्ट्रीय युवा धोरणाने (२०१४) युवकाचं वय १५ ते २९ धरलं आहे. आपल्या गावांत ‘तरुण मंडळा’चा अध्यक्ष पस्तिशी-चाळिशीचा असतो, वर्षानुवर्षं तोच असतो आणि बहुधा कुठल्या तरी पॅनेलचा माणूस असतो. निवडणूक आली की मंडळाचं नाव फ्लेक्सवर चढतं आणि दुसऱ्या गटाच्या घरातली मुलं यायची बंद होतात. एकदा फुटलेला गट पुन्हा बांधायला दोन वर्षं लागतात, बऱ्याचदा तो बांधला जातच नाही. शिवाय पंधरा वर्षांची मुलगी अठ्ठावीस वर्षांच्या दादासमोर बोलत नाही, हे उघड आहे. म्हणून ११ ते १४, १५ ते १८ आणि १९ ते २५ असे वेगळे गट करावे लागतात, आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार, जागेची जबाबदारी ही चार कामं दर तीन महिन्यांनी फिरवावी लागतात. सचिवाचं अक्षर वाईट असलं तरी त्यालाच लिहू द्यायचं. ‘तिचं अक्षर छान आहे’ म्हणून वही कायम एकाच मुलीकडे गेली की बाकीचे लिहायचे राहून जातात आणि तिला अध्यक्षपद कधीच मिळत नाही.

तिसरी गोष्ट नोंदणीची. मदत मागितली की ‘आधी नोंदणी आणा’ असं सांगितलं जातं. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्ही कायद्यांखाली मंडळ नोंदवायचं, दरवर्षी हिशेब द्यायचे, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज करायचा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना कायद्याने हे स्वतः करताच येत नाही. मोठ्यांच्या मंडळांचं काय झालं तेही बघा. नोंदणी झाली, विश्वस्त कामाला पुण्याला गेले, बदल अर्ज कुणी केले नाहीत, आणि आता कागदावर असलेल्या मंडळाचं बँक खातं चालवायला गावात कुणीच नाही. आठवड्याला जमणाऱ्या वीस मुलांसाठी ग्रामपंचायतीचा मान्यतेचा एक ठराव पुरेसा आहे. पैसे ग्रामपंचायतीच्याच खात्यात वेगळ्या नोंदीने ठेवता येतात.

केंद्र सरकारच्या नेहरू युवा केंद्रांनी १९७२ पासून गावोगाव मंडळं बांधली. आता ते काम ‘मेरा युवा भारत’ या नावाने आणि बऱ्याच अंशी पोर्टलवरून चालतं. पोर्टलवर नाव जरूर नोंदवावं, संधी कळतात. पण मंगळवारी संध्याकाळी सतरंजी अंथरायला जागा पोर्टल देत नाही. ती ग्रामपंचायतच देऊ शकते.

आता वीजबिलाचं. दोन २० वॅटच्या ट्यूब आणि दोन ७५ वॅटचे पंखे दीड तास चालले तर पाऊण युनिटही होत नाही, पाव युनिटच्या थोडं वर जातं. आठवड्याला दोन बैठका धरल्या तरी महिन्याला तीन युनिटच्या आत. या कारणासाठी दार बंद करू नका.

दंग्याची आणि मुलं-मुली एकत्र बसण्याची काळजी मात्र आम्ही हलक्यात घेत नाही. आईबापांची भीती खरी असते. त्यावर कामाची पद्धत आहे. पहिले तीन महिने मुलांची आणि मुलींची बैठक वेगळ्या दिवशी घ्यायची. मुलींची पाच ते साडेसहा, दिवस मावळायच्या आत, थंडीत तासभर आधी. चौथ्या महिन्यापासून महिन्यातून एक काम दोघांनी मिळून करायचं, तेही उघड्यावर, जसं गावातल्या हातपंपांची आणि नळांची पाहणी. आयांना दर दोन महिन्यांनी बैठक बघायला बोलवायचं. पालकांची लेखी संमती घ्यायची. खोलीचं दार उघडं, दोन मोठी माणसं हजर, कुणीही एका मुलाला किंवा मुलीला एकटं घेऊन बसायचं नाही. मुलींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे, गावात ‘मिटवायची’ नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा. हे नियम पाळणारं समाजमंदिर गावातल्या बहुतेक जागांपेक्षा सुरक्षित असतं.

बैठक नेमकी कशी असते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं नसेल, म्हणून थोडक्यात लिहितो. अठरा ते बावीस जण, गोलात, सगळे जमिनीवर, मार्गदर्शकही जमिनीवरच. पंचविसाच्या वर गेले तर दोन गट करायचे, नाहीतर मागच्या रांगेत बसणारे तयार होतात. पहिली दहा मिनिटं खेळ. मग दहा मिनिटं मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि हिशेब, सचिव आणि खजिनदार मोठ्याने वाचणार. पुढची चाळीस मिनिटं मुख्य काम. समजा, फोनवरच्या फसवणुकीचं सत्र आहे. दोघांच्या जोड्या. एक जण ‘बँकेतून बोलतोय, खातं बंद होईल, ओटीपी सांगा’ म्हणून घाई करतो, दुसऱ्याने शांतपणे फोन ठेवायचा. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मुलं फोन ठेवू शकत नाहीत, मोठ्या माणसाचं बोलणं तोडणं त्यांना उद्धटपणा वाटतो. अडचण माहितीची नाही, सवयीची आहे, हे तिथे त्यांना स्वतःलाच कळतं. मग भूमिका बदलायच्या, पुन्हा करायचं. त्यानंतर पंधरा मिनिटं तीनच प्रश्न : काय झालं, असं का झालं, उद्या खरंच असा फोन आला तर काय करशील? पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं, हे शेवटी. उरलेल्या पंधरा मिनिटांत पुढच्या आठवड्याची कामं नावं घालून वाटायची.

बैठक बिघडते ती दोन कारणांनी. मार्गदर्शक भाषण देऊ लागतो, किंवा तीन धीट मुलं सगळा वेळ खातात. दुसऱ्यावर चिंचोक्यांचा उपाय चालतो. प्रत्येकाला तीन चिंचोके द्यायचे, बोललं की एक मध्ये टाकायचा. ज्याचे संपले त्याने बाकीच्यांचे संपेपर्यंत ऐकायचं. कोपऱ्यात गप्प बसणारी मुलगी पहिल्या दोन-तीन बैठकांत आपले तीनही चिंचोके मुठीत घेऊन बसते. तिला कुणी टोकायचं नाही. साधारण महिन्याभरात पहिला चिंचोका पडतो. पहिल्यावर उपाय एकच, मार्गदर्शकाचं नीट प्रशिक्षण आणि तो टिकणं.

त्यावरून चौथी तक्रार. मार्गदर्शकाचं मानधन कुणीच धरत नाही. आशाताईंच्या किंवा अंगणवाडीताईंच्या गळ्यात आणखी एक काम घातलं जातं, त्या सहा महिने ओढतात आणि थकतात. त्यांच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ठराव नीट लिहिला तर किशोरींच्या मंडळाचा खर्च त्यात बसवता येतो. कित्येक ठिकाणी ती रक्कम मार्चअखेर घाईने खुर्च्या, सतरंज्या आणि शिलाई मशीन घेण्यात जाते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) गावातल्याच मुलामुलींमधून समवयस्क शिक्षक निवडायची सोय आहे. जिथे तो चालू आहे तिथे त्यांना याच मंडळाशी जोडता येईल, नवं काही उभारावं लागणार नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वर्षाचं वेळापत्रक शहरातून छापून आलेलं असलं की या मुलांची नावं ‘गैरहजर’ म्हणून कापली जातात. ज्यांना मंडळाची सगळ्यात जास्त गरज, तीच बाहेर पडतात. त्यांच्यासाठी मे ते सप्टेंबर हा मुख्य काळ धरा, नावं पटावर राहू द्या, आणि मागे आजीकडे राहणाऱ्या मुलींची बैठक मात्र हंगामातही चुकू देऊ नका. दहावी-बारावीच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी द्या.

आणि मोजमाप. जिओ-टॅग केलेला फोटो आणि हजेरीचा आकडा यावरून काम झालं असं ठरतं. फोटोसाठी शंभर मुलं जमवणं सोपं आहे. काम झालं का हे बघायचं असेल तर चार वह्या उघडा : हजेरी, इतिवृत्त, रोकड आणि किल्ली. इतिवृत्तात अक्षर बदलत गेलेलं आहे का? रोकडवहीत नुकसानही लिहिलं आहे का? मुलींची हजेरी दिवाळीनंतरही टिकली का? दहा मिनिटांत सगळं समजतं.

आमच्या मागण्या अशा :

१. जागा : आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिर किंवा शाळेची खोली मंडळाला देण्याचा ठराव करा. किल्ली मार्गदर्शक आणि मंडळाचे दोन सदस्य यांच्याकडे राहील, घेतल्या-दिल्याची नोंद वहीत होईल. लग्नकार्यासाठी जागा लागली तर तीन दिवस आधी सांगा आणि त्या दिवसापुरती दुसरी जागा द्या. जिथे दार बंद केलं आहे तिथे ते आधी उघडा.

२. पैसा : एका मंडळाला वर्षाला ३०,००० रुपये धरा. मार्गदर्शकाचं मानधन महिना १,५०० प्रमाणे १८,०००, भेटी आणि प्रवास ४,००० (बँक, पोस्ट, प्राथमिक आरोग्य केंद्र, तहसील, आयटीआय), वह्या-साहित्य ३,०००, उपक्रमाचं भांडवल ३,०००, वीज-झाडलोट-दुरुस्ती २,०००. भांडवलाचे ३,००० मंडळाच्या ठरावावर आणि मार्गदर्शक व खजिनदार अशा दोन सह्यांवर रोख मिळावेत. बुडाले तर मुलांकडून भरून घेऊ नयेत. का बुडाले, ते त्यांनी लेखी द्यावं.

३. मार्गदर्शक : गावातलीच, २१ ते ३५ वयाची व्यक्ती, मुलींच्या गटाला बाईच. निवड ग्रामसभेत, मुदत किमान दोन वर्षं. सरपंच किंवा सदस्यांच्या घरातली व्यक्ती नको.

४. ग्रामसभेत आवाज : वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्याने घ्याव्याच लागतात. अठराच्या आतली मुलं मतदार नाहीत, पण त्यांचं म्हणणं ऐकायला कुणाची मनाई नाही. त्यांपैकी दोन ग्रामसभांत सुरुवातीची पंधरा मिनिटं मंडळाला द्या. त्यांनी केलेली पाण्याची, दिव्यांची, एस.टी.च्या वेळांची पाहणी ते मांडतील. तुम्ही महिन्याच्या आत लेखी उत्तर द्या, ‘होणार नाही’ असलं तरी कारणासकट द्या. उत्तर आलं नाही तर मंडळ दुसऱ्यांदा पाहणी करत नाही, हा आमचा सगळीकडचा अनुभव आहे.

५. राजकारण : मंडळाचं नाव, खोली आणि मुलं प्रचारात वापरायची नाहीत. कुठल्याच गटाने नाही. हे ठरावातच लिहा.

६. तपासणी : फोटोंची सक्ती बंद करा. दर तीन महिन्यांनी एका सदस्याने, शक्यतो महिला सदस्याने, बैठकीला येऊन पूर्ण दीड तास बसावं आणि चार वह्यांवर सही करावी.

यातलं काहीही करायला वरून आदेश यायची गरज नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि त्याआधीच्या महिला सभेत तो वाचून दाखवा, कारण मुलींना संध्याकाळी दीड तास सोडायचा निर्णय घरोघरी तिथूनच पक्का होतो. ठरावाचा मसुदा, चार वह्यांचे नमुने आणि पहिल्या सहा महिन्यांचं बैठकांचं वेळापत्रक आम्ही आणून देऊ. मार्गदर्शकाचं सहा दिवसांचं प्रशिक्षणही करू, त्याचे पैसे घेणार नाही. ज्या ग्रामपंचायतीला हे मान्य नसेल, तिने नकाराचं कारण ग्रामसभेच्या कार्यवृत्तात नोंदवावं, म्हणजे त्यावर गावाला बोलता येईल.

आपले,
मराठवाड्यातल्या युवक-युवती मंडळांबरोबर काम करणारे कार्यकर्ते आणि मार्गदर्शक